नातीसाठी ग्रेडर

हाताने केलेल्या भेटीची सर बाजारातल्या भेटीला कधीही येत नाही. बाजारातली भेट खिसा देतो, हाताने केलेली भेट माणूस देतो. हे मी गेल्या जुलैत सुनेला फोनवरून ऐकवले आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ स्वतःच्याच वाक्याचा आदर करीत बसलो.

माझी बायको एलुबी समोर भोपळ्याच्या कोवळ्या पानांच्या शिरा सोलत होती. मान वर न करता तिने विचारले, "लिंबिकानीचे बाबा, तुम्ही हाताने शेवटचं काय केलं होतं?"

मी म्हटले, स्वयंपाकघरातली फळी.

"भिंतीवर आहे तो तिचा खिळा," एलुबी म्हणाली. "फळी त्याच आठवड्यात पडली."

मोठ्या विचाराला पहिला विरोध घरातूनच व्हायचा, हा जगाचा नियम आहे.

आता खरे सांगायचे तर हाताने काही करण्याची हौस मला उगीच आली नव्हती. माझी नात उपिले हिला मी तिच्या पहिल्या वाढदिवसाला ब्लांटायरच्या एका मोठ्या दुकानातून बाहुली आणली होती. सोनेरी केसांची. आडवी केली की डोळे मिटायची, उभी केली की उघडायची आणि पोटावर दाबले की कोणालाही न कळणाऱ्या भाषेत काहीतरी ठणकावून सांगायची. पोरीने एकदा बाहुलीकडे पाहिले, एकदा बाहुली धरणाऱ्या माझ्याकडे पाहिले आणि जो आकांत मांडला तो गावाच्या विहिरीपर्यंत ऐकू गेला. बाहुली कधीच कपाटात गेली. मला कपाटात ठेवता येत नसल्यामुळे भीती सगळी माझ्या वाट्याला आली. तेव्हापासून माझा चेहरा दिसला की उपिले रडते. फोनवर दिसला तरी रडते. माझ्यात आणि त्या बाहुलीत काडीचे साम्य नाही. तिला भरपूर केस होते.

दुसऱ्या कोणा आजोबाने म्हटले असते, रडेल थोडे दिवस, मग होईल सवय. पण सवय व्हायला भेट व्हावी लागते. आमच्याकडे मूल आईच्या गावचे. ते वाढणार आईच्या माहेरी, त्याचे बरेवाईट ठरवणार आईचा मामा नाहीतर भाऊ. बापाच्या बापाचा त्याच्यावर हक्क किती, तर बसमध्ये शेजारच्याच्या खिडकीवर आपला असतो तितका. आमचा लिंबिकानी लग्नानंतर रीतीप्रमाणे बायकोच्या गावी, बालाकाच्या बाजूला राहायला गेला. आम्ही राहतो झोंबात. वर्षातून भेटी दोन. त्यातली पहिली उपिलेने रडण्यात घालवली होती आणि दुसरी झोपण्यात. येत्या ऑगस्टमध्ये ती दोन वर्षांची व्हायची होती. मला फार काही नको होते. पोरीने मला पाहून रडू नये आणि जमल्यास आपल्या पायांनी माझ्यापर्यंत यावे, एवढेच.

म्हणून मी ठरवले, तारेची गाडी करायची.

तारेची गाडी म्हणजे काय, हे आमच्या देशात सांगावे लागत नाही. इथे सात वर्षांचे पोर जुन्या तारेतून अख्खी मोटार वळते. तिला चाके असतात, दारे असतात आणि छतातून वर एक लांब दांडा येतो. त्या दांड्याच्या टोकाला सुकाणूचे चक्र. पोर मागून पळते, चक्र फिरवते आणि पुढची चाके खरोखर वळतात. ना नकाशा, ना मोजमाप. एकतीस वर्षे रस्ते खात्यात काढून मी वरिष्ठ निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. तेवढ्या काळात मी शिकल्या-सवरल्या अभियंत्यांनी बांधलेले असे पूल पाहिले, की त्यांच्यापुढे ही पोरांची गाडी म्हणजे शास्त्र वाटावे. पण म्हटले, सात वर्षांच्या मुलाला जमते ते एकाहत्तर वर्षांच्या माणसाला न जमायला काय झाले. या वाक्यातली चूक मला पुढे तीन आठवडे सापडत राहिली.

पहिला प्रश्न होता कोणती गाडी. इथे मी शेजाऱ्यांना विचारण्याची घाई केली. रस्त्यापलीकडचा शिंपी म्हणाला, मिनीबस करा, छतावर सामानाची जाळी हवीच, तिच्याशिवाय मिनीबस उघडी वाटते. पाद्रीसाहेबांच्या पत्नींचे मत रुग्णवाहिकेच्या बाजूने पडले, मुलांवर सेवेचा संस्कार लहानपणीच व्हावा म्हणून. त्यांनी वर लावायला लाल औषधाच्या बाटलीचे झाकणही आणून दिले. चहावाल्याने मोठ्या साहेबांची काळी मोटार सुचवली आणि मग पुढेमागे दोन दोन गाड्या ताफ्याच्याही हव्यात असे म्हणाला.

मी सगळ्यांचे ऐकून घेतले आणि ग्रेडर करायचे ठरवले. कच्चा रस्ता खरवडून सपाट करणारे, पोटाखाली आडवे पाते असलेले ते लांबुळके यंत्र. जगातल्या सर्व वाहनांत मला तेच आवडते. बाकीची वाहने रस्त्यावरून जातात, ग्रेडर रस्त्याचे काही भले करून जातो. मात्र कोणाचे मन मोडू नये म्हणून मी त्याच्यावर सामानाची जाळी आणि लाल झाकणही बसवायचे कबूल केले. सरकारी नोकरीत सगळ्या समित्यांचे समाधान असेच करतात आणि यंत्रेही तशीच दिसतात.

मी रीतसर नकाशा काढला. एकास आठ प्रमाण धरले. आठपट लहान म्हणजे अगदी खेळणे, असे ऐकताना वाटते. पण खरा ग्रेडर केवढा असतो हे मला माहीत असूनही मी गुणाकार उलटा करून पाहिला नाही. गाडी सव्वा हात लांब व्हायची ती अडीच हात झाली.

एवढ्या गाडीला तार किती लागते? पहिल्या दिवशी मी कपाटातले सगळे हँगर उलगडले, त्यामुळे माझा एकुलता एक चांगला कोट कपाटाच्या तळाशी जाऊन निजला. चौथ्या दिवशी कपडे वाळत घालायची तार गेली. एलुबीने धुणे झुडपांवर वाळत घातले आणि माझ्या सदऱ्याला मुंग्या आल्या. आठव्या दिवशी पात्यासाठी जाड तार हवी होती, म्हणून मी कुंपणाच्या तीन तारांपैकी मधली काढली. माझा हिशेब असा, की वरची आणि खालची शाबूत असताना मधली गेलेली कोणाच्या लक्षात येणार नाही. ती बकरीच्या लक्षात आली.

बकरी माझ्या मेव्हण्याची. एलुबीचा थोरला भाऊ म्टांबालिका आमच्या शेजारीच राहतो. तो न्यायालयात कारकून होता आणि निवृत्त झाला तरी न्यायालय त्याच्यातून निवृत्त झालेले नाही. त्याच्या बकरीने एका दुपारी एलुबीचा भोपळ्याचा सगळा वेल साफ केला. मी तावातावाने गेलो. त्याने मला बसायला खुर्ची दिली, मक्याच्या पेजेसारख्या थोब्वाचा पेला हातात दिला आणि शांतपणे विचारले, "भावोजी, बकरीने कुंपण तोडलं का?"

मी म्हटले, नाही.

"मग ओलांडलं का?"

मी म्हटले, मधून आली.

"म्हणजे तिथे कुंपण नव्हतं," तो म्हणाला. "जिथे कुंपण नाही, तिथे बकरीच्या मनात गुन्हा कसा येणार?"

थोब्वा गोड होता. मी पेला संपवून परत आलो.

यानंतर चाके. चाक गोल असते ही गोष्ट मी आयुष्यभर फार हलक्यात घेतली होती. तार वाकवणे सोपे आहे. ती सुरुवातीच्या टोकाला परत आणून भेटवायची म्हणजे, पिढीजात वैऱ्यांचा समेट घडवून आणण्यासारखे आहे. मी सहा चाके केली. सहाही अंड्याच्या आकाराची झाली. दुसऱ्यांदा केली, तरी अंडी तीच, कोंबडी फक्त वेगळी. शेवटी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून मी त्यांचा अंडेपणा झाकला. गाडी चालली की डुलायची, पण खरा ग्रेडरही डुलतो असे मी सगळ्यांना सांगितले.

सगळ्यात वाईट म्हणजे गाडी वळेना. चक्र फिरवावे, दांडा फिरावा, आणि पुढची चाके मात्र खात्यातल्या जुन्या शिपायासारखी ऐकूनही न ऐकल्यासारखी सरळ पाहत राहावी. दोन दिवस मी पक्कड घेऊन तिच्यापुढे बसलो होतो. तिसऱ्या दिवशी एलुबी धान्य निवडायचे सूप बाजूला ठेवून आली, गाडी उलटी करून मांडीवर घेतली आणि पुढच्या आसाशी बोट नेऊन म्हणाली, "तुम्ही हा आस दोन्हीकडे बांधून टाकलाय. गळ्यात दावं बांधल्यावर गाय मान कशी फिरवेल?" तिने एक गाठ सोडली, तार दातात धरून एक विळखा दिला, दुसरी तार त्यातून ओवली आणि गाडी खाली ठेवली. चक्र फिरवले. चाके वळली.

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. लग्नाला त्रेचाळीस वर्षे झाली होती. विचारले, हे तुला कुठून येते?

"सहा भावांत एकटी बहीण होते," ती म्हणाली. "गाड्या ते पळवायचे. दुरुस्त कोण करायचं?"

मी म्हटले, कधी सांगितले नाहीस. ती म्हणाली, कधी विचारलं नाहीत, आणि सूप घेऊन परत बसली. त्या दिवशी मी एलुबीला गुपचूप खात्याचा मुख्य अभियंता नेमले. खात्यात असा अभियंता मला एकदाही भेटला नव्हता.

निघायच्या आदल्या दिवशी म्टांबालिका फाइल घेऊन आला. तो आमच्या बाजूचा न्खोस्वे. लग्न ठरवताना मुलाकडून एक आणि मुलीकडून एक असे दोन मामा उभे राहतात आणि पुढे जन्मभर दोन्ही घरांतले सगळे बोलणे त्या दोघांच्या तोंडून चालते, त्यांना न्खोस्वे म्हणतात. म्हणजे माझ्या नातीसाठी मी केलेली गाडी मी देऊ शकत नव्हतो, ती म्टांबालिका देणार होता. ते ठीकच होते. पण त्याने एक पत्रही लिहून आणले होते. अलीकडे टेलिफोनच्या तारा फार चोरीला जातात, नाक्यावर पोलीस तार दिसली की विचारतात, म्हणून 'सदर तार माझ्या स्वतःच्या कुंपणातील आहे' असे मी लिहून द्यावे. मी सही करायला साफ नकार दिला. एकतीस वर्षे या देशाचे रस्ते सांभाळलेल्या माणसाने त्याच रस्त्यावर खेळणे नेण्यासाठी दाखला दाखवायचा? म्टांबालिकाने पत्राची घडी करून फाइलमध्ये ठेवली. तो वाद घालत नाही. तो तारखेची वाट पाहतो.

सकाळी आम्ही तिघे मिनीबसमध्ये बसलो. कपाटाच्या तळाचा कोट मी झटकून घातला होता, टाय बांधला होता. छतावर ठेवली तर वाकेल म्हणून गाडी मांडीवर घेतली आणि दांडा खिडकीबाहेर काढला. त्यामुळे बस सारा रस्ता डावीकडे वळणार असल्याचा इशारा देत गेली आणि मागचे सायकलवाले आम्हाला उद्देशून काहीबाही बोलत होते.

वाटेतल्या एका नाक्यावर आडवा बांबू होता. एक सार्जंट बाई सावकाश चालत आल्या, आधी दांडा पाहिला, मग दांड्याच्या मुळाशी मी दिसलो. मला गाडीसकट खाली उतरवण्यात आले.

"आजोबा, गाडी कोणाची?"

मी म्हटले, नातीची.

"केली कोणी?"

मी म्हटले, मी.

बाईंनी माझ्या टायकडे पाहिले. "कोणा पोराची उचलून नाही ना आणली?"

अपमान अनेक प्रकारचे असतात. पण भर रस्त्यात, तिकीट काढलेल्या वीस माणसांसमोर, तारेची गाडी चोरल्याचा संशय येणे हा प्रकार मला नवा होता. मी छाती काढून माझा हुद्दा सांगितला. बाई म्हणाल्या, हुद्दा राहू द्या, तार कुठली ते सांगा. मी म्हटले, कुंपणाची. कुंपण कोणाचे? माझे. मग आता कुंपणात काय आहे?

"बकरी," एलुबी खिडकीतून म्हणाली.

म्टांबालिका खाली उतरला. त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होते ते मी त्याच्या मुलीच्या लग्नातही पाहिले नव्हते. त्याने फाइलमधून पत्र काढले. बाईंनी वाचले, उलटून पाहिले, आणि विचारले, सही कुठे आहे? मी लगेच पेन काढला. बाईंनी तो हाताने खाली केला. सही नाक्याच्या आधी व्हायला हवी, नाक्यावर पोचल्यानंतर केलेली सही ही भीतीने केलेली सही असते, असे त्यांचे म्हणणे. म्टांबालिकाने यावर मान डोलावली. तो कोणाच्या बाजूने आला होता हे मला अजूनही नीट कळलेले नाही.

आता बसमधली माणसेही उतरली होती आणि प्रत्येकाला एकेक मत फुटले होते. पायाशी दोन कोंबड्या बांधून बसलेली एक बाई म्हणाली, "सोडा हो त्यांना. चेहरा बघा. चोरी करण्याइतका हुशार माणूस वाटतो का हा?" हा माझ्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा ठरला. पण सार्जंट बाईंना तेवढा पुरेना. त्यांनी ड्रायव्हरकडून पक्कड मागवली, नाक्याच्या खोपटामागून हातभर तार आणली आणि माझ्यापुढे धरली. तुम्ही केली म्हणता ना, मग एक चाक करून दाखवा.

मी कोट काढून एलुबीकडे दिला आणि रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो. वीस माणसे भोवती उभी. तार वाकवली, वळवली, टोकाला टोक भेटवायला गेलो. टोके नेहमीसारखीच एकमेकांना ओळख देईनात. घामाने पक्कड घसरत होती. पाच मिनिटांनी मी जे झाले ते बाईंच्या हातात दिले. ते अंडे होते.

बाईंनी गाडी उचलली. एका चाकावरची रबराची पट्टी बाजूला सारली, शेजारी माझे नवे चाक धरले. मग दुसरे तपासले, मग तिसरे. सहाही चाके त्यांनी अशी पाहिली, मन लावून, जशी मी कोणाही अधिकाऱ्याला तपासणी करताना पाहिलेले नाही. आणि म्हणाल्या, "जुळलं. हे दुसऱ्या कोणाच्या हातून होणार नाही."

बांबू वर गेला. जाताना त्यांनी ते सातवे चाक मला परत दिले, वाटेत लागले तर असू द्या म्हणून. मी रागावायचे ठरवले होते. पण बस सुटल्यावर मनात आले, रस्ते खात्यात कोणी इतक्या बारकाईने सहा चाके पाहिली असती तर देशाचे किती भले झाले असते. मी मागे वळून बाईंना हात केला. हातात दांडा असल्यामुळे तोही इशाराच समजला गेला.

गावात पोचलो तेव्हा आंब्याखाली चटया अंथरलेल्या होत्या. आमची सून मोदेस्ता रीतीप्रमाणे गुडघे टेकून सगळ्यांना भेटली. उपिले तिच्या पाठीमागे होती. पिवळा झगा, डोक्यावर चार वेण्या. माझ्याकडे तिने एक डोळा काढून पाहिले आणि तो डोळा परत आईच्या मागे गेला. रडली नाही. पण ओठ तयार होते. मी काहीच केले नाही. हसलोसुद्धा नाही, न जाणो.

मोदेस्ताचे थोरले मामा सेतिफानो मधोमध बसले होते. उंच, वाळलेले, डोक्यावर टोपी. फार हळू बोलतात, त्यामुळे ते बोलू लागले की कोंबड्यासुद्धा गप्प होतात. त्या गावात पेरणी त्यांच्या शब्दाने होते आणि लग्नेही. तेच त्यांच्या बाजूचे न्खोस्वे. म्टांबालिकाने खाकरून सुरुवात केली, आम्ही एक लहानशी गोष्ट घेऊन आलो आहोत. गोष्ट अडीच हात लांब होती आणि सगळ्यांच्या समोर ठेवलेली होती, तरी रीतीप्रमाणे मामांनी विचारले, कसली गोष्ट? म्टांबालिका म्हणाला, मुलीसाठी भेट. कोणाकडून? बापाच्या घरातून. कशाची? तारेची. मी निर्माता असल्यामुळे मला बोलायची परवानगी नव्हती.

मामांनी गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळली.

"गाडी," ते शेवटी म्हणाले. "बापाच्या घरातून मुलीसाठी गाडी."

चटयांवरच्या बायकांनी आपापली पोरे जवळ ओढली.

"माणूस गाडी पाठवतो ती न्यायला," मामा तितकेच हळू म्हणाले. "मुलगी आमची. ती इथे जन्मली, इथे राहील. तुमच्या घराने तिला गाडी पाठवली. आम्ही काय समजावं?"

सगळ्या गावात मला एकट्यालाच हे सुचले नव्हते. तीन आठवडे मी मोजमापे केली, पण या देशात जन्मून, लग्न करून, म्हातारा होऊन हे ध्यानात आले नाही, की बापाच्या बाजूने मुलीला वाहन देणे म्हणजे तिला उचलून न्यायचा निरोप देणे. नवीन कापड दिले असते तर चालले असते. भांडे चालले असते. ती बाहुलीसुद्धा चालली होती. लिंबिकानी मान खाली घालून चटईच्या काड्या मोजत होता. पोरीचे रडणे राहिले बाजूला, आता वर्षातल्या दोन भेटींतली एकही राहते की नाही, असा प्रसंग. आणि मला बोलायची परवानगी नव्हती.

म्टांबालिका घाई करीत नाही, हे मी मघाशी सांगितले. त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग पुढे सरकून गाडी किंचित कलती केली आणि पोटाखालचे पाते दाखवले.

"मोठे मामा," तो म्हणाला, "हिच्यात बसायला जागा बघा कुठे आहे का. हा ग्रेडर आहे. ह्याच्यातून कोणाला नेत नाहीत. ह्याने रस्ता सारखा करतात. डांबरी सडकेपासून तुमच्या गावापर्यंतचा रस्ता आज आम्ही पाहिला. माझे भावोजी म्हणतात, पोरीला आमच्याकडे न्यायचं नाही, आम्हालाच इकडे यायचंय, वारंवार. वाट तेवढी सारखी राहू द्या."

मी हे म्हणालो नव्हतो. मला कधी सुचलेही नसते. पण ऐकताना कळले, की तीन आठवडे मी नेमके हेच वळत बसलो होतो. बकरीचा खटला मी त्या क्षणी मागे घेतला.

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणजे मान्य. बायकांनी जिभेने लांब किलकारी दिली, मोदेस्ताने हसून उपिलेला पुढे केले आणि गाडीपाशी उभे केले.

आणि तेव्हा, इतक्या वेळाने, इतक्या जणांच्या नजरेखालून गेल्यावर, सगळ्यांच्या एकदमच लक्षात आले, की दांडा माझ्या छातीपर्यंत येतो आणि उपिले माझ्या गुडघ्यापर्यंत. मी तो स्वतःच्या उंचीवर मापला होता. पोरीने वर चक्राकडे पाहिले, जसे आपण चर्चच्या मनोऱ्याकडे पाहतो, आणि दोन पावले मागे झाली.

कोणी हसले नाही. पाहुण्यांचा मान असतो. मामा उठले. म्हणाले, यंत्र तपासून घ्यायला हवे. त्यांनी दांड्याला हात घातला. दांडा त्यांना अगदी बेतात बसत होता. त्यांनी गाडी चार पावले पुढे नेली. मग वळवली. चाके वळली, गाडी डुलली, पाते खालची माती खरवडत गेले आणि मागे एक सपाट पट्टा उमटला. मामांनी त्या पट्ट्याकडे पाहिले. मग आमच्याकडे पाहिले. आणि ज्यांच्या शब्दाने पेरणी होते ते पंचाहत्तर वर्षांचे सेतिफानो मामा तोंडाने इंजिनाचा आवाज काढीत अंगणातून पळत सुटले.

काय पळाले. मी खात्यातले पट्टीचे चालक पाहिले आहेत, पण असे वळण घेताना कोणाला पाहिले नाही. मक्याच्या कणगीला त्यांनी बोटभर अंतर ठेवून वळसा घातला. गावातली पोरे त्यांच्या मागे, पोरांच्या मागे लिंबिकानी आणि मोदेस्ता, त्यांच्या मागे पुढच्या आसावर फार जोर देऊ नका असे बजावीत एलुबी, आणि शेवटी फाइल काखेत धरून म्टांबालिका. धुरळ्याचा लोट घरांच्या मागे गेला, तिकडून शेताकडे वळला.

मी चटईवरच होतो. व्याह्याने परवानगीवाचून चटईवरून उठायचे नसते आणि परवानगी देणारे ग्रेडर घेऊन गेले होते. एक टाय, एक चुरगळलेला कोट आणि खिशात सातवे चाक, असा मी आंब्याखाली बसून राहिलो.

मग दिसले, की उपिलेही गेलेली नाही. जिथे उभी केली होती तिथेच उभी होती. ती धुरळ्याकडे पाहत होती. नंतर माझ्याकडे पाहू लागली. ती एक पाऊल पुढे आली, थांबली. अजून एक. झग्याचे टोक तोंडात धरून ती चटईवर चढली आणि तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. हात ओला आणि गरम होता. रडली नाही.

"आजो," ती म्हणाली.

बढतीचा हुकूमही मी इतक्या लक्षपूर्वक ऐकला नव्हता. मी जितका वाकता येते तितका वाकलो आणि विचारले, काय गं बाई, काय हवं माझ्या सोन्याला?

तिने चहूकडे एकदा बघून घेतले. तिच्या हक्काचे दुसरे कोणी उरलेले नव्हते. मग ती माझ्या कानाशी आली.

"शू."